सोळाशे मीटर

भंडारा जिल्ह्यात पहाटे साडेचारला रस्त्यावर कोण असते, असे कुणी विचारले तर मी सांगेन : भटकी कुत्री, रेतीचे टिप्पर आणि भरतीवाले. गेली काही वर्षे त्यांत साठी उलटलेल्या एका माणसाची भर पडली आहे. पण त्याची दखल आतापर्यंत फक्त कुत्र्यांनी घेतली.

‘भरतीवाले’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित समजावून सांगावा लागेल. पोलीस, सैन्य, राज्य राखीव दल, वनविभाग यांपैकी कशात तरी ‘लागण्यासाठी’ जी मुले-मुली वर्षानुवर्षे पळतात, ती भरतीवाली. गाव सोडून तालुक्याला किंवा भंडाऱ्याला तिघे-चौघे मिळून खोली करतात. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस. घरी दोन-तीन एकर धानाची शेती. धानाचा बोनस कधी जाहीर होतो याकडे बापाचे लक्ष आणि भरतीची जाहिरात कधी निघते याकडे पोराचे. दोघांचेही डोळे एकाच दिशेला, मुंबईकडे लागलेले.

मी बँकेत तीसेक वर्षे काढली, त्यांतली बरीचशी याच मातीत. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचा अखंड भंडारा जिल्हा मी मोटारसायकलवरून, वसुलीच्या निमित्ताने, बांधी-बांधीने पाहिलेला आहे. धावण्याशी माझा संबंध तेव्हापासूनचाच म्हणायला हवा, कारण आम्हाला पाहून धावणारे पुष्कळ भेटत. स्वतः धावायला लागलो तो निवृत्तीनंतर. रक्तातली साखर काठावर आली आहे, चालत जा, असे डॉक्टरांनी सांगितले. चालण्याचा महिनाभरात कंटाळा आला. ओळखीचे चार लोक वाटेत थांबवून पेन्शनच्या आकड्यांवर बोलत. धावणाऱ्या माणसाला कुणी थांबवत नाही, हा शोध मला तेव्हा लागला. पायात बूट चढवताना बायको म्हणाली, ‘‘आता या वयात कुठं भरती व्हायचंय?’’

प्रश्न थट्टेचा असला तरी या मुलखात तो अगदी स्वाभाविक होता. भरतीशिवाय माणूस का धावेल? झाडीपट्टीत हौसेची शर्यत म्हटली की ती बैलांची. दिवाळीनंतर मंडया भरतात, दंडार आणि नाटके रात्र-रात्र रंगतात आणि पुढे शंकरपट सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, हा सारा इतिहास इथल्या पटशौकीन शेतकऱ्याला वकिलाइतका पाठ आहे. पटाच्या बैलाचा खुराक काय असावा यावर तो तासभर बोलेल. त्याच घरातला मुलगा भिजवलेले चणे आणि दोन केळी खाऊन पळायला जातो, त्याच्या खुराकाची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही.

मुलांच्या धावण्याला एक ठरलेले अंतर आहे. पोलीस शिपाई भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि शंभर मीटर, मुलींना आठशे आणि शंभर, शिवाय गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण गुण पन्नास, त्यातले वीस सोळाशे मीटरचे. पाच मिनिटे दहा सेकंदांत अंतर कापले तर वीसपैकी वीस. त्यापुढे काही सेकंदांच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला गुण उतरत जातात. सैन्याच्या अग्निवीर चाचणीतही तेच अंतर. वनरक्षकाला मात्र पाच किलोमीटर धावायचे आणि वर चार तासांत पंचवीस किलोमीटर चालायचे; मुलींना तीन आणि सोळा. कोका आणि नागझिऱ्याची जंगले उशाशी असल्यामुळे आमच्याकडे वनरक्षकाचे स्वप्न पाहणारेही कमी नाहीत. पण मुख्य आकडा सोळाशेच. साडेपाच मिनिटांत पळणाऱ्या मुलाला पाच-दहावर यायला वीस सेकंद कापायचे असतात, आणि त्या वीस सेकंदांत त्याचे एक वर्ष जाते. व्याजाचे दर पाव टक्क्याने हलले की आम्ही बँकवाले सावरून बसायचो. पण एका सेकंदाची एवढी किंमत मी कुठल्याच खात्यात पाहिली नाही.

धावायचे कसे हे मला याच मुलांनी शिकवले. मोहाडी तालुक्यातला एक मुलगा कारध्याच्या पुलापाशी रोज भेटे. पुलाखाली वैनगंगा. गोसीखुर्दचे पाणी मागे तुंबल्यापासून तिचा प्रवाह मंदावला आहे आणि पहाटे तिच्यावरून धुक्याऐवजी कधीकधी वास येतो. आठवडाभर माझी धाप पाहून तो एके दिवशी शेजारी आला नि म्हणाला, ‘‘काकाजी, तुमी पहिल्याच किलोमीटरमंदी सारा दम जाळता जी. आमच्यासंगं पळू नका. बोलता येईल इतकंच पळा.’’ पुढे पुस्तकांतही तेच वाचले. आठवड्यातले बहुतेक धावणे गप्पा मारता येतील अशा वेगाने करावे, जोराचे दिवस एक-दोनच ठेवावेत, अंतर हळूहळू वाढवावे. गंमत अशी, की हा सल्ला त्याला स्वतःला लागू नव्हता. सोळाशे मीटरवाल्याला सावकाश पळण्याची चैन नसते. जाहिरात निघाली की तो रोज जोराने पळतो, नडग्या दुखेपर्यंत पळतो, आणि दुखल्यावर मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून पुन्हा पळतो. ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. त्यांना पळायला लावणारे पुष्कळ आहेत, थांबायला सांगणारा कुणी नाही.

धावताना कथानके सुचतात, असे लेखक मंडळी सांगतात. मला सुचत नाहीत. मला श्वास ऐकू येतो आणि पुढचे कुत्रे दिसते, बस्स. पण एक सवय नोकरीतून सोबत आली. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नाही, हा आमचा जुना नेम. तसे रोजचे अंतर, वेळ आणि हवा मी वहीत मांडतो. त्या वह्यांवरून एवढे सांगू शकतो, की भंडाऱ्यात धावणाऱ्याचे शत्रू दोन : मे महिना आणि श्रावण. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो. सूर्य वर आला की खेळ संपला. श्रावणात ऊन नसते, पण रोवणी झालेल्या बांध्यांत पाणी उभे असते आणि हवा इतकी दमट, की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही आणि नेहमीच्याच वेगाला छाती भात्यासारखी चालते. अशा वेळी पाण्यात मीठ-साखर घालून पिणे आणि वेग निमूट कमी करणे, एवढेच हाती राहते. २०२४ ची पोलीस भरतीची मैदानी चाचणी नेमकी जूनच्या उत्तरार्धात, पावसाळ्याच्या तोंडावर आली. जूनमध्येच २०१४ साली मुंबईत पाच किलोमीटरच्या चाचणीत उकाड्याने उमेदवारांचे प्राण गेले होते. तारखा काढणाऱ्यांनी एकदा आमच्याकडच्या बांधीशेजारून पाच किलोमीटर पळून पाहावे.

डिसेंबर-जानेवारी मात्र स्वर्ग. धान कापून झालेला, धुऱ्यांवर लाखोळी हिरवी, तनसाचा वास, आणि तलावांच्या पाळी. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी हे मालगुजारी तलाव बांधले ते धान पिकवण्यासाठी. पण त्यांच्या मातीच्या पाळींसारखी धावण्याची वाट मला कुठे मिळाली नाही. पायाखाली मऊ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडे. लाखांदूर-साकोलीकडच्या काही पाळी मला कर्जवाटपाच्या दिवसांपासून ठाऊक होत्या. तेव्हा त्या फक्त तारण म्हणून पाहत होतो. पाणी असलेल्या तलावाखालची जमीन म्हणजे निर्धास्त कर्ज.

शर्यतींचे म्हणाल तर मी नागपूरला दहा किलोमीटरच्या दौडी केल्या, एक अर्धमॅरेथॉनही. तिथे पहाटे ढोल असतात, निवेदक असतो, छातीवर क्रमांक आणि त्यात वेळ मोजणारी चिप असते, नंतर पोहे असतात. पळणारे बरेचसे माझ्यासारखे, म्हणजे पोट भरलेले. पण सुरुवातीच्या रेषेवर सर्वांत पुढे दहा-पंधरा किडकिडीत पोरे उभी असतात. रोख बक्षीस असलेल्या दौडींचा पत्ता त्यांना बरोबर लागतो. एसटीने किंवा रात्रीच्या गाडीने येतात, बसस्थानकावर झोपतात, पहाटे पळतात, पहिले तीन जण पाकीट घेतात, उरलेले भाड्याचे पैसे मोजत परततात. एका दौडीनंतर एक गृहस्थ कुरकुरले, ‘‘हे लोक नेहमी बक्षिसं नेतात, हौशी माणसाला काही उरतच नाही.’’ मला हसावे की रडावे कळेना. हौशी माणसाला घरी जायला गाडी उरते की!

त्यापेक्षा गावातल्या प्रजासत्ताक दिनाच्या दौडी मला आवडतात. चुन्याची रेघ, शिट्टी, सरपंच आणि हेडमास्तर. अशाच एका ठिकाणी साठीवरच्यांची तीन किलोमीटरची शर्यत ठेवली होती. आम्ही तिघे होतो : मी, एक निवृत्त कोतवाल आणि धोतराचा काचा मारून आलेला एक अनवाणी शेतकरी. माझ्या पायात सहा हजारांचे बूट. शेतकरीबुवा पहिल्या वळणावर दिसेनासे झाले. आम्ही पोचलो तेव्हा ते चहा पीत होते. मी अभिनंदन केले तर म्हणाले, ‘‘झाली का जी शर्यत? मले वाटलं अजून एक चक्कर हाय.’’ त्यांना पितळेचा गुंड मिळाला. पितळी भांड्यांच्या या गावात ते योग्यच झाले.

अनवाणी धावणाऱ्यांनी या देशाला ऑलिंपिकपर्यंत नेले आहे, हे आपण विसरलो. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत साध्या शेतकरी घरांतली मुले अनवाणी पळाली. त्यांच्या वेळा पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवण्याची खटपट त्यांनी केली. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. शंभर वर्षांनंतर, २०२० मध्ये, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेने दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. तो बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला तो पदकासाठी नव्हे, घर चालावे म्हणून. म्हणजे तोही आधी भरतीवालाच! सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत कुणाचे तरी लक्ष त्याच्याकडे गेले. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, नाशिककडच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत, यांनाही कुणीतरी वेळीच पाहिले. कारध्याच्या पुलावर पाहणारा कोण आहे? जो आहे तो फक्त सोळाशे मीटर मोजतो. एखादा मुलगा दहा हजार मीटरसाठी जन्मलेला असेल, तरी ते कळायचा मार्ग नाही. त्या अंतराला गुण नाहीत.

मुलींचे आणखी निराळे. त्या पाच-सहांच्या घोळक्याने पळतात, मागे कुणाचा तरी भाऊ दुचाकीचा दिवा लावून येतो. अंधार आणि टिप्पर यांच्या मधोमध त्यांचे आठशे मीटर. जुलै २०२५ मध्ये पंजाबात फौजा सिंग रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने गेले. नव्वदीला टेकल्यावर धावायला लागलेला, २०११ मध्ये शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केलेला माणूस शेवटी रस्त्यावरच गेला. त्या आठवड्यात मी मुलींना म्हटले, महामार्ग सोडा. त्यातली एक म्हणाली, ‘‘मैदान चिखलाचं हाय काकाजी. आतल्या रस्त्यावर लाइट नाही. कोठी जाऊ मंग?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रत्येक तालुक्याला चारशे मीटरची मुरमाची धावपट्टी आणि चार दिवे, याला किती खर्च येतो याचा हिशेब मी जुन्या सवयीने कागदावर केला आहे. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून तो जास्त भरत नाही.

यातले लागतात किती? २०२२ च्या अखेरीस राज्यात पोलिसांच्या सुमारे अठरा हजार जागा निघाल्या, मार्च २०२४ मध्ये सतरा हजारांवर, अर्ज लाखांनी. खुल्या गटाला अठ्ठावीस, राखीव गटांना तेहेतीस वर्षे, ही वयाची मर्यादा. वय निघून गेले की मुलगा धावणे थांबवतो. हळूहळू नव्हे, दुसऱ्या दिवसापासून. बूट धाकट्या भावाला देतो. दहा-बारा वर्षे घासून तयार केलेले ते फुफ्फुस, ते पाय एका रात्रीत कुणाच्याच कामाचे उरत नाहीत. मी धावायला सुरुवात केली त्याच्या निम्म्या वयात ही मुले धावून ‘रिटायर’ झालेली असतात. त्यांना ना निरोप समारंभ, ना ग्रॅच्युइटी.

मोहाडीचा तो मुलगा दोनदा थोडक्यात राहिला, एकदा लेखी परीक्षेत आणि एकदा अडीच गुणांनी. मागच्या वर्षी त्याचे वय निघून गेले. आता तो ट्रॅक्टर चालवतो, रोवणीच्या हंगामात रात्रंदिवस. पण हंगाम नसला की संध्याकाळी मैदानावर येतो आणि नव्या पोरांच्या वेळा घेतो, फुकट. गेल्या महिन्यात मी त्याला म्हटले, माझीही घे. चार फेऱ्या मी जीव खाऊन पळालो. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, गंभीरपणे वहीत आकडा लिहिला आणि म्हणाला, ‘‘नऊ मिनिटं चाळीस. शून्य मार्क, काकाजी. सोमवारी या परत.’’