कोंबडीचा दम कोंडला की घास अडकला?

मालेगाव, भिवंडीसारख्या मागाच्या गावांत पुष्कळ घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. अंडी घरात लागतात, उरलेली विकून बायकांच्या हाती चार पैसे येतात. भांडवल लहान खरे, पण रोग शिरला तर आठवड्यात बुडते. कोंबडी मान ताणून चोच उघडू लागली की लोक दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात टाकतात. दोष ताण्यात की बाण्यात, हे पाहिल्याशिवाय कारागीर मागाला हात लावीत नाही. इथेही तोच कायदा पाळावा.

प्रथम गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपावी. रात्री ती भरलेली असते, सकाळी दाणा टाकण्यापूर्वी रिकामी हवी. सकाळीही कडक गोळा लागला तर दाणा, गवत किंवा सूत अडकले आहे असे समजावे. मऊ फुगलेली असून तोंडाला आंबूस वास आला तर आतले अन्न सडले आहे. अशा कोंबडीचा दाणा बंद करून पाणी ठेवावे. कडक गोळा असल्यास चोचीच्या कडेने गोडेतेलाचे थोडे थेंब देऊन पिशवी हलकेच चोळावी. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते, म्हणून तेल ओतू नये. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळू नये. पाणी फुप्फुसात जाऊन ती दगावते. एक-दोन दिवसांत फरक न पडल्यास डॉक्टरांकडे न्यावी.

मग बॅटरीच्या उजेडात तोंड पाहावे. मागाजवळच्या कोंबड्यांच्या जिभेला सूत गुंडाळलेले सापडते. ते कापावे, गिळलेले टोक ओढू नये. तोंडात पिवळट खपल्या असतील तर बहुधा देवी. त्या खरवडू नयेत, रक्त येते.

पिशवी रिकामी, तोंड साफ, तरी दम लागतो? भर उन्हात सगळ्याच धापा टाकत असतील तर तो उष्मा आहे. सावली व थंड पाणी द्यावे. श्वासात घुरघुर, नाकात पाणी, तोंडावर सूज असेल तर जंतूंचा सर्दी-विकार संभवतो. इथे अँटिबायोटिक चालते, पण डॉक्टरांनी सांगितलेले आणि पुऱ्या दिवसांचे. ते सांगतील तितके दिवस अंडी व मांस खाऊ-विकू नये. पिल्ले डोके झटकून जांभया देत असतील तर श्वासनळीत जंत असू शकतात. त्यावर जंताचे औषध असते.

हिरवी हगवण, वाकडी मान, पांगळे पाय आणि भराभर मरतूक ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे. त्यावर इलाज नाही, लस आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि सुमारे ८ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून घ्यावी. लस बर्फात आणावी. एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांची लस असते आणि कालवल्यावर ती टिकत नाही. सबब मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी टोचावी. खर्च वाटला जातो.

एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लूमुळे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे विसरू नये.

आजारी कोंबडी वेगळी ठेवावी. स्वस्तात बाजारात काढून टाकली तर आपले शंभर रुपये वाचतील, पण रोग सगळ्या मोहल्ल्यात जाईल आणि तिथून पुन्हा आपल्याच परसात येईल.