शब्द नको, कागद द्या!

कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केला होता. त्या दिवशी गाडीची किल्ली परत द्यायची. आणि नवी गाडी तर यायचीच होती. २०२२ सालची ही गोष्ट.

मैत्रिणींनो, मी इंग्लंडात लेस्टरला राहते. माहेर मिरजेचं. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांत कॅलिपर आणि काखेत कुबड्या. शाळेत गेले ती दादाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. लग्न होऊन इथे आले, पस्तिशीत गाडी शिकले, तेव्हा कुठे ‘माझी मी’ जाणं म्हणजे काय ते कळलं. माझी गाडी हाताने चालते. स्टिअरिंगजवळ एक दांडा आहे. ओढला की वेग, ढकलला की ब्रेक.

इथे मोटॅबिलिटी नावाची योजना आहे, १९७७ सालापासूनची. ज्यांना चालणं फार अवघड, त्यांना सरकार प्रवासाचा भत्ता देतं. तो परस्पर योजनेकडे वळवायचा आणि त्या बदल्यात गाडी भाडेकराराने घ्यायची. करार बहुधा तीन वर्षांचा. विमा, सर्व्हिसिंग सगळं त्यातच. गाडी महागातली हवी असेल, तर वरची रक्कम आधी एकरकमी भरायची.

त्या सुमारास जगभर चिपचा तुटवडा होता, नव्या गाड्या रखडल्या होत्या. माझीही रखडली. डीलरकडचा मुलगा फोनवर म्हणाला, “काळजी करू नका, जुनीची मुदत वाढेल.” मी निर्धास्त झाले. पंधरा दिवस उरले तेव्हा तिथलीच दुसरी बाई म्हणते, “मुदतवाढीची नोंदच नाही. नाहीतर आवारातली दुसरी गाडी घ्या.” ती इतकी उंच, की मला चढताच येईना. शिवाय वर भरायची रक्कम डोळे पांढरे करणारी!

“तुम्हाला कोणी सांगितलं? नाव? तारीख?” तिने विचारलं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं.

घरी आले तर हे म्हणाले, “अगं, परक्या देशात कशाला भांडतेस? गाडी त्यांची. आपण टॅक्सी करू.” यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मीच नेते. तीनदा टॅक्सी, जायची आणि यायची. पण पैशापेक्षा ‘गाडी त्यांची’ हेच जास्त लागलं. म्हटलं, “गाडी त्यांची असेल, पण भत्ता माझा आहे. मी भीक नाही मागत.”

रात्री बसून सगळं लिहून काढलं. गाडी कधी नोंदवली, कधी येणार म्हणाले, उंच गाडी का चालत नाही. सकाळी थेट योजनेच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खरी गोम सांगितली. मुदत वाढवणं डीलरच्या हातात नसतंच, ते योजनेने करायचं असतं. आणि विमा कराराला बांधलेला! करार संपला की विमाही संपला. बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणणं हा इथे गुन्हा आहे. म्हणजे त्या मुलाच्या शब्दावर विसंबून मी गाडी चालवत राहिले असते तर? अंगावर काटाच आला.

मी म्हटलं, “मग मला लेखी द्या.” चौथ्या दिवशी पत्र आलं. मुदत वाढली होती. नवी गाडी हिवाळ्यात आली.

तेव्हापासून पर्समध्ये एक छोटी वही असते. कोण बोललं, कधी, काय म्हणालं, सगळं त्यात. हे अजून चिडवतात, “आली चित्रगुप्ताची वही!” चिडवू देत.

तुमच्याकडे बँक असेल, विम्याचा एजंट असेल, नाहीतर हप्त्यावरचा फ्रीज. “होऊन जाईल वहिनी” असं कोणी म्हणालं की हसून म्हणा, “हो का? मग एवढं लिहून द्या ना.”