मागील पानावरून पुढे

खतावणीचे पान भरले की तळाशी बेरीज मारायची, नवे पान उघडायचे आणि डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून तीच रक्कम मांडायची. बँकेत नोकरी केलेल्या आमच्या पिढीच्या हातांना या तीन शब्दांची इतकी सवय होती की ते झोपेतही लिहिता आले असते. हिशेबाचे सारे सातत्य त्यांवर उभे असते. अट एकच. बेरीज जुळल्याशिवाय ते शब्द लिहायचे नाहीत. चुकीची रक्कम एकदा पुढे गेली की पानोपानी जात राहते.

संगणकाच्या पडद्यावरही हे तीन शब्द असतात, फक्त दिसत नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. पुढची आवृत्ती न पेलणारे जुने संगणक घरोघरी होते. त्यांतल्या काहींवर मुलानातवंडांनी लिनक्स बसवून दिले आणि ते पुन्हा धावू लागले. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम आज असे आपल्या दिवाणखान्यात येऊन बसले आहे.

नाव आणि पासवर्ड देऊन आपण आत शिरलो की जे सुरू होते, त्याला ‘सेशन’ म्हणतात. त्यासाठी ‘सत्र’ हा शब्द आहे. मला मात्र ‘बैठक’ जवळचा वाटतो. गाण्याला बैठक लागते, हिशेबाला लागते आणि लिहायला तर लागतेच. कादंबरीचे काम चालू असताना माझ्या पडद्यावर एका खिडकीत चालू प्रकरण असते, दुसरीत पात्रांची वये आणि सनावळीचा तक्ता, तिसरीत शब्दकोश. रोज रात्री हे आवरायचे आणि सकाळी पुन्हा मांडायचे, यात मन लागायच्या आधीच वेळ जातो. म्हणून बैठक जपून ठेवायची सोय लिनक्समध्ये पुष्कळ आधीपासून आहे.

तिचे नियम १९९४ साली ‘एक्स’ या खिडक्या रंगवणाऱ्या व्यवस्थेच्या एका आवृत्तीबरोबर आले. त्यांची रीत पाहिली तेव्हा मला आमचा दिवसअखेरचा खाक्याच आठवला. आपण बाहेर पडतो म्हटले की ‘सेशन मॅनेजर’ नावाचा कारभारी प्रत्येक प्रोग्रामला सांगतो, ‘स्वतःला जपून ठेव.’ एखाद्याकडे न साठवलेला मजकूर असेल तर तो मालकाला विचारण्याची परवानगी मागतो. ‘झाले’ असे प्रत्येकाचे उत्तर आले, की मगच कारभारी त्यांना बंद व्हायला सांगतो. आपल्याला पुन्हा कसे सुरू करायचे, हे प्रत्येक प्रोग्रामने त्याला सांगून ठेवलेले असते. दुसऱ्या दिवशी ती यादी पाहून कारभारी एकेकाला हाक मारतो.

आता खरी मेख इथे आहे. कारभारी जपतो ती यादी. कोण बसले होते, कोणती फाइल उघडी होती, एवढेच तिच्यात असते. फाइलीतला मजकूर जपणे हे त्याचे काम नव्हे. बैठक जपली म्हणजे लिहिलेले जपले, असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये. वीज एकाएकी गेली तर ही निरोपाची फेरीच होत नाही. शिवाय सगळेच प्रोग्राम हे नियम पाळत नाहीत. न पाळणारा सकाळी कोरा उघडतो किंवा उघडतच नाही. अलीकडे ‘एक्स’ची जागा ‘वेलँड’ घेत आहे. तिथे प्रोग्राम परत आले तरी खिडक्या जागच्या जागी बसतीलच असे नाही. म्हणून लिहिता लिहिता दर थोड्या वेळाने मजकूर साठवणे, या सवयीला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न, काय पुढे न्यायचे हा. केडीई नावाच्या मांडणीत तीन मार्ग आहेत: मागच्या वेळी उठताना जे होते ते परत मांडावे, आपण मुद्दाम जपलेली बैठक मांडावी किंवा रोज कोरी सुरुवात करावी. पहिला मार्ग सोयीचा वाटतो. पण कालचे अर्धवट वाचलेले, परवाचे चुकून उघडलेले असे सगळेच रोज पुढे येत राहते. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. ते खाते फुगू लागले की चांगला मॅनेजर अस्वस्थ होतो. पडद्यावरच्या जुन्या खिडक्या म्हणजे असेच सस्पेन्स खाते. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. कामाची मांडणी मनासारखी झाली की एकदाच जपावी आणि रोज तीच स्वच्छ बैठक मिळावी.

जुन्या संगणकांवर बहुधा एक्सएफसीई ही हलकी मांडणी असते. तिथे बाहेर पडताना ‘पुढच्या वेळेसाठी सेशन जपा’ अशा अर्थाची एक चौकट दिसते. तिच्यात एकदा खूण केली की ती बैठक साठवली जाते. गंमत अशी, की पुढे खूण काढली तरी साठवलेली बैठक पुसली जात नाही. ‘रोज त्याच चार खिडक्या आपोआप उघडतात, व्हायरस तर नाही ना?’ अशी धास्ती घेतलेल्या घरांत अनेकदा एवढेच घडलेले असते. सेटिंग्जमध्ये ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडून साठवलेल्या बैठका पुसाव्यात आणि बाहेर पडताना ती चौकट कोरी ठेवावी, की त्रास मिटतो.

शेवटचा मुद्दा घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा. आपल्याकडे घरचा संगणक एक, पासवर्ड एक आणि वापरणारे पाच, असा मामला असतो. अशा संगणकावर बैठक जपली की आजोबांचा तपासणीचा रिपोर्ट नातवासमोर उघडतो आणि सुनेचे अर्धे पत्र सासूबाईंसमोर. कोणाच्या मनात वाईट नसते; पण मनाला लागायला तेवढे पुरते. लिनक्स मुळातच अनेकांनी वापरण्याच्या बेताने घडलेले आहे. प्रत्येकाचे वेगळे खाते उघडायला पैसे पडत नाहीत, आणि प्रत्येकाची बैठक त्याच्या त्याच्या खात्यात राहते. ब्राउझरही आपल्या खिडक्या स्वतंत्रपणे जपतो आणि त्यांबरोबर काही ठिकाणचा आपला प्रवेशही जपू शकतो. म्हणून बँकेचे काम झाले की नुसती खिडकी मिटू नये. बँकेच्या पानावरचे ‘लॉगआउट’ दाबूनच उठावे. काउंटरवरून उठताना पासबुक मागे ठेवून आपण कधी घरी गेलो होतो का?