पैनगंगेची हद्द आणि वऱ्हाडातील तांडे

अमरावतीच्या कापूसपेठेविषयी अभिमानाने बोलणारे गृहस्थ आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत, आणि तो अभिमान अनाठायी नाही. परंतु ही पेठ आगगाडीने वसविली असा जो समज रूढ झाला आहे, तो खरा नव्हे. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वऱ्हाडातून १८६७ साली पुरा झाला. त्यापूर्वी कित्येक वर्षे येथील कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवरील गंगाकाठच्या मिर्झापुरास जात असे. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांचे ओझे या वाटेने रवाना केले असे सांगत, आणि ही गोष्ट सरकारी ग्याझेटियरातही नमूद आहे. बैलांवरून माल वाहण्याचा हा धंदा मुख्यत्वे बंजाऱ्यांचा. त्यास ते लदेणी म्हणत. जाताना धान्य वा कापूस, येताना मीठ, आणि मुक्काम पडेल तेथे गोण्यांची थप्पी लावून उभारलेला तांडा, असा त्यांचा संसार होता. पेठेच्या भांडवलात या लोकांच्या पायांचा वाटा किती, याचा हिशेब कोणत्याही दुकानाच्या खतावणीत सापडावयाचा नाही.

राज्यकर्त्यांनाही त्यांची गरज पडलीच. १८०३ साली वेलस्लीने भोसल्यांवर मोहीम केली, तेव्हा त्याच्या लष्करास धान्य पुरविण्याच्या कामी बंजारे होते. अकोल्याकडील अडगावची लढाई नोव्हेंबरात झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर सह्या झाल्या. त्या तहाने वर्धा नदी ही हद्द ठरली व तिच्या पश्चिमेचा मुलूख, गाविलगड व नरनाळा वगळून, निजामाच्या वाट्यास गेला. पुढे १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. १८६० च्या तहाने रायचूर दुआब व धाराशिवचा मुलूख त्यास परत मिळाला, पण वऱ्हाड राहिले ते राहिलेच. १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडाने ते कायमचे पट्ट्यावर घेतले, व १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला. दक्षिणेस पैनगंगा ही निजामाच्या राज्याची हद्द झाली.

या करारनाम्यांतून फौज आहे, कर्ज आहे, वसूल आहे, खंड आहे. १९३६ च्या करारात निजामाच्या युवराजास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ ही पदवी देण्याचीही तरतूद आहे. परंतु जे लोक दरसाल पाऊस सरला की याच हद्दीवरून येजा करीत, त्यांच्या वाटा, पाणवठे व चराई यांविषयी एक कलमही नाही.

असे कलम घालणे इंग्रजांस ठाऊक नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. महायुद्धानंतर अरबस्थानात त्यांनी हद्दी आखल्या, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १९२२ साली उकैर येथे सर पर्सी कॉक्स यांनी नज्द, इराक व कुवेत यांच्यामधील रेषा ठरविल्या. पण बदाऊन अरबांची उंटे व मेंढरे नकाशा पाहून चरत नाहीत, म्हणून रेषेलगतचे दोन पट्टे कोणा एकाचे न ठेवता उभयतांचे राखून ठेवावे लागले. १९२५ साली क्लेटन व इब्न सौद यांच्यात बहरा व हद्दा येथे करार झाले. त्यांत टोळ्यांनी हद्द ओलांडण्यास परवानगी घ्यावी असे ठरले, पण चराईसाठी जाणे असेल तर ती अडवू नये, असेही मान्य झाले. हे इंग्रजांच्या अंतःकरणातील दयेचे फळ होते काय? मुळीच नव्हे. १९२७ साली इराकने बुसैया येथील विहिरींपाशी पोलीसठाणे बांधावयास घेतले, तेव्हा मुतैर टोळीच्या लोकांनी त्यावर छापा घालून बांधणारांची कत्तल केली. तेथे फिरस्त्यांच्या हाती बंदूक होती, म्हणून त्यांचे नाव करारात आले. आमच्या बंजाऱ्याच्या हाती बैलाची वेसण होती, म्हणून त्याचे नाव पोलिसांच्या वहीत गेले.

हा अलंकार नव्हे. वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयी पहिल्या तपशीलवार पुस्तिकांपैकी एक कंबरलेज नावाच्या वऱ्हाड पोलिसांतील अधिकाऱ्याने लिहिली व ती १८८२ साली पुन्हा छापली गेली. आगगाडीने लदेणी बुडविली, राखीव जंगलांच्या नियमांनी चराईवर फी बसविली, आणि धंदा गेलेला फिरस्ता हा संशयित ठरला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली प्रथम उत्तरेकडे आला. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याची सोय झाली, आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित केला गेला. कोणती जमात गुन्हेगार हे जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस असे. त्यामुळे एकच गोत्र एका हद्दीत जन्मतः गुन्हेगार व पलीकडे निर्दोष ठरू शके. हा कलंक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला.

कोणी म्हणेल, निजाम गेला, इंग्रज गेले, १९५६ साली भाषावार राज्ये झाली, आता या जुन्या रेषा उकरून काय साधावयाचे? त्या गृहस्थांनी महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींची यादी उघडून कैकाडी या नावापुढे काय लिहिले आहे ते वाचावे. ही जात अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा व यवतमाळ या जिल्ह्यांत, आणि राजुरा तहसील वगळून चंद्रपूर जिल्ह्यात, अनुसूचित आहे. उरलेल्या महाराष्ट्रात तीच विमुक्त जात होय. राजुराच का वगळले? कारण तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाची हद्द नकाशावरून गेली, ती या कंसात जाऊन बसली आहे!

याचा व्यवहारात अर्थ असा. पऱ्हाटीच्या काड्यांच्या टोपल्या विणणारे एक कैकाडी कुटुंब उमरखेडास राहते, तर त्याचे भाऊबंद पैनगंगेपलीकडे हदगावास. बोली एक, कुलाचार एक, दारिद्र्यही एकच. परंतु उमरखेडच्या मुलास अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आहे, विधानसभेच्या राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क आहे, जातीवरून छळ झाल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार आहे. हदगावच्या त्याच्या चुलतभावास यांपैकी राखीव जागा नाही आणि तो कायदाही नाही. मुलगी नदीपलीकडे दिली तर जावयाची व मेहुण्याची यादी निराळी. व्याही-विहिणींत याहून चमत्कारिक भेद आम्ही तरी ऐकला नाही.

त्यात पुराव्याचा जाच निराळाच. दाखला हवा तर अनुसूचित जातीस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, व विमुक्त-भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. सातबारा, घरपट्टीची पावती, शाळेचा जुना दाखला! ज्याच्या आजोबास कोणत्याही गावाने तीन रात्रींवर राहू दिले नाही, त्याच्या नातवाने आजोबाच्या घरपट्टीची पावती आणावी, ही अपेक्षा करणारे कारकून निर्दय असतात असे आम्ही म्हणत नाही. ते नियमाने बांधलेले असतात. नियम करणारांनी मात्र घर असलेला माणूसच डोळ्यांपुढे धरला होता.

बंजाऱ्यांची गोष्टही याच जातीची आहे. तेलंगणात ते अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि आमच्याकडे विमुक्तांत आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने मराठवाड्यासाठी हैदराबाद ग्याझेटियरचा आधार मान्य केला, तेव्हा त्याच कागदावरून बंजाऱ्यांनीही जमातीचा दर्जा मागितला. ही मागणी आदिवासी बांधवांस आपल्या ताटातील घास वाटते, व ती भीती पोकळ नाही. एकाचे वाढावयाचे तर दुसऱ्याचे काढून नव्हे, हे आमचे मत स्पष्ट आहे. परंतु वऱ्हाडकरांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की, १८५३ नंतर निजामाच्या कारभारातून निघालेल्या आमच्या मुलखातील तांड्यांस तो हैदराबादचा कागदही उपयोगी पडणारा नाही. पोहरादेवीस मराठवाड्याचा व वऱ्हाडाचा बंजारा एकाच रांगेत उभा राहतो, आणि कचेरीत त्यांचे दप्तर मात्र दोन राज्यांचे!

बंजाऱ्यांचा प्रश्न बिकट आहे, त्यास वेळ लागेल. कैकाड्यांचा तसा नाही. पूर्वी अनुसूचित जमातींची यादी अमरावती जिल्ह्यात केवळ मेळघाट तालुक्यापुरतीच लागू होती. असले क्षेत्रबंधन संसदेने १९७६ च्या कायद्याने बहुतांशी उठविले. जे पारध्यांकरिता झाले ते कैकाड्यांकरिता होण्यास राज्यघटनेच्या ३४१ व्या कलमाची आडकाठी नाही. हा फेरफार संसदेनेच करावयाचा आहे, आणि वऱ्हाडातील व मराठवाड्यातील खासदारांनी पक्षभेद विसरून तो मागावा. तोवर आमच्या नगरपालिकांनी एक गोष्ट आजही करावी. गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबाची नोंद, ते ज्या दिवशी आले त्या तारखेसह, आपल्या वहीत घ्यावी व तिची नक्कल त्याच्या हाती द्यावी. बाजार समित्यांच्या आवारात हंगामभर ओझी उचलणाऱ्या तांड्यावरील माणसांनाही असाच लेखी दाखला मिळावा. कापसाच्या गाठीवर नंबर घालणाऱ्या पेठेस एवढी लिखापढी जड जाऊ नये.