स्विंडनला राहून गेलेला पैसा

१९ डिसेंबर १९६१ रोजी ज्या सत्तेला गोमंतकाने निरोप दिला, तिच्याच पासपोर्टाच्या आधाराने आमचे हजारो बांधव पुढे इंग्लंडात पोटापाण्याला गेले, हा इतिहासाचा विनोद आम्हांला कधीच रुचला नाही. परंतु ती नापसंती वेगळी आणि त्यांच्या घामाच्या पैशाची काळजी वेगळी. पोर्तुगीज नागरिकांसाठीचे ब्रिटनचे मुक्तद्वार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. त्यापूर्वी स्विंडनसारख्या शहरी गोदामांतून व कारखान्यांतून स्थिरावलेल्यांपैकी कोणी ना कोणी आता घरी परततच असतो. तो शिल्लक पगार घेऊन येतो. जादा कापला गेलेला आयकर मात्र मागावयाचा राहून जातो.

हा कर जादा कसा होतो? इंग्लंडात करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर सामान्य नोकरदाराला कर नाही. त्यापुढे आरंभी २० टक्के. मालक दरमहा कर कापताना ही सवलत बारा महिन्यांत सारखी वाटून धरतो, कारण माणूस वर्षभर कामावर राहील असे गृहीतच असते. समजा, दरमहा २,००० पौंड मिळविणाऱ्या कामगाराने सहा महिने भरून ऑक्टोबरात नोकरी आणि देश दोन्ही सोडले. त्याची कमाई झाली १२,००० पौंड, म्हणजे सवलतीच्या आतच. तरीही तोवर सुमारे १,१४३ पौंड कर सरकारजमा झालेला असतो. त्या वर्षी तेथले दुसरे उत्पन्न नसेल, तर ही सारी रक्कम त्याची आहे. राष्ट्रीय विम्याची वर्गणी तेवढी या वाटेने परत मिळत नाही.

सरकार ही रक्कम घरपोच आणून देईल या भ्रमात कोणी राहू नये. नोकरी सोडताना मालकाकडून पी-४५ हा दाखला घ्यावा आणि देश सोडताना पी-८५ हा अर्ज तेथील महसूल खात्याकडे करावा. त्यास शुल्क नाही. करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागणी करता येते. त्यानंतर हक्क बुडाला. पी-४५ हा कागद सामानाच्या गडबडीत फेकून देण्याजोगा नव्हे, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९३ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे खरा, पण हा अर्ज तो कोणासाठी भरून देत नाही.

अज्ञान आहे तेथे दलाल आलाच. परताव्यातील मोठा वाटा घेऊन हाच अर्ज भरून देणारे तेथे आहेत. परताव्याचा हक्कच लिहून घेण्याची त्यांची पद्धत ब्रिटिश सरकारने १५ मार्च २०२३ पासून निरर्थक ठरविली. तथापि मोबदला उकळण्याच्या इतर वाटा खुल्याच आहेत. तेव्हा सही करण्यापूर्वी करारातील टक्केवारी वाचावी.

राज्य सरकारचे अनिवासी गोमंतकीयांसाठी कार्यालय आहे. हे दोन-चार नियम मराठीत आणि कोकणीत छापून पंचायतींमधून वाटण्यास त्याला कितीसा खर्च येणार? कोणाच्या खिशात कोणता पासपोर्ट आहे, हा प्रश्न या कामी मुळीच आड येऊ नये. ज्या घरी तो पैसा यावयाचा, ते घर सासष्टीत नाहीतर बारदेशात आहे.