आलेनचे वचन

जर्मनीतील ख्रिस्ती लोकशाही संघास केवळ सनातनी म्हणून निकालात काढणाऱ्यांनी त्याच्या ब्रिटिश विभागातील शाखेचा १९४७ सालचा आलेन कार्यक्रम आठवावा. भांडवलशाही जर्मन जनतेच्या हितास उतरली नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. कोळसाखाणींच्या सामाजीकरणाची मागणीही होती. दोनच वर्षांत ड्युसेलडॉर्फ येथे पक्षाने एर्हार्ट यांची बाजारपेठ शिरोधार्य मानली. १९४९ च्या सप्टेंबरात ७३ वर्षांचे आडेनॉर एका मताच्या बळावर (आणि तेही स्वतःच्याच!) चान्सेलर झाले. १९५७ साली बव्हेरियातील बंधुपक्षासह ५०.२ टक्के मते पडली. खाणींचे सामाजीकरण मात्र झाले नाही. १९५१ च्या कायद्याने मोठ्या खाण व पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळांत कामगारांना मालकांइतक्याच जागा मिळाल्या खऱ्या. पण त्याही संपाची धमकी पुढे आल्यावर.