जर्मेनियाची टोळी घेऊन रोमशी लढताना



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत आमच्या पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. मामाच्या मोबाईलवर तो एक लढाईचा गेम खेळतो. म्हणाला, "बाई, रोम घेतलं की मी जिंकतो आणि जर्मेनिया घेतलं की हरतोच. ते लोक रानटीच होते ना!" हे ऐकून मागच्या दोघांनी पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाकडे बोट दाखवलं, "मग हा पण जर्मेनिया!" सगळे हसले. तो मुलगा मात्र हसला नाही.

तेव्हाच ठरवलं, यावर एक पाठ लिहायचा. आज आपण दोन प्रश्न घेऊ. जर्मेनिया घेऊन खेळायचं कसं? आणि ते लोक खरंच रानटी होते का?

गेम काय आहे?

'रोम: टोटल वॉर' हा गेम २००४ मध्ये संगणकासाठी आला आणि नंतर मोबाईलवरही आला. त्याची सुरुवात इ.स.पू. २७० मध्ये होते आणि शेवट इ.स. १४ मध्ये. वर्षाला दोन चाली मिळतात, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. नकाशावर आपण शहरं बांधायची, सैन्य उभारायचं, आणि लढाई आली की मैदानात उतरून ती स्वतः लढवायची.

गंमत बघा. मूळ गेममध्ये जर्मेनिया सुरुवातीला कुलूपबंद असते. आधी रोमन घराण्याकडून खेळायचं आणि तिला हरवायचं, मग ती आपल्याला खेळायला मिळते!

आपल्याकडे काय नाही, काय आहे?

काय नाही ते आधी पाहू. आपल्या शहरांना दगडी तट बांधता येत नाही, लाकडीच असतो. शहरं एका मर्यादेपुढे वाढत नाहीत, रोमसारखे फरसबंदी रस्तेही होत नाहीत. सैनिकांच्या अंगावर चिलखत जवळजवळ नाहीच.

आता काय आहे ते पाहू. लांब भाले घेऊन दाट रांगेत उभे राहणारे भालाईत आहेत. चिलखत भेदणारे कुऱ्हाडवाले आहेत. किंचाळून शत्रूचं मनोधैर्य खचवणाऱ्या स्त्रियांची तुकडीसुद्धा आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जंगल. झाडीत आपले पुष्कळसे सैनिक जास्त चांगले लढतात.

मग खेळायचं कसं?

माझा विद्यार्थी हरत होता कारण तो जर्मेनिया घेऊन रोमसारखा खेळत होता. मोकळ्या मैदानात समोरासमोर जायचा. रोमन सैनिक आधी भाले फेकतात, मग ढाली जुळवून पुढे सरकतात. तिथे उघड्या अंगाचा माणूस किती वेळ टिकणार?

त्याला मी चार गोष्टी सांगितल्या.

१. लढाईची जागा आपण निवडायची. नकाशावर सैन्य जंगलात उभं करून ठेवा. शत्रू जवळून गेला तर त्याच्यावर अचानक छापा घालता येतो.

२. भालाईत जंगलाच्या कडेला मोकळ्यावर ठेवा. दाट झाडीत त्यांची रांग मोडते. समोरून ते भिंतीसारखे टिकतात, पण बाजूने आणि पाठीमागून कमजोर असतात.

३. कुऱ्हाडवाले झाडीत लपवा. शत्रू भाल्यांशी झुंजण्यात गुंतला की त्यांना बाजूने सोडा.

४. सगळ्या शेजाऱ्यांशी एकदम भांडू नका. वकील पाठवून व्यापाराचे करार करा. सुरुवातीला पैसा कमी असतो.

आठवड्याने तो धावत आला. "बाई, जिंकलो!"

हे खरंच घडलं होतं

आता गेम बाजूला ठेवू आणि इ.स. ९ मध्ये जाऊ. ऱ्हाईन नदीच्या पूर्वेला रोमचा अधिकारी वारुस तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याची तीन मोठी दलं, घेऊन हिवाळी छावणीकडे परतत होता. त्याच्या सोबत अर्मिनियस होता. हा चेरुस्की टोळीतला तरुण रोमन सैन्यात राहिलेला होता आणि त्याला रोमचं नागरिकत्वही मिळालं होतं. वारुसचा त्याच्यावर विश्वास होता. हा दगा देईल असं त्याच टोळीतल्या सेगेस्टेसने बजावलं होतं, पण वारुसने ऐकलं नाही.

बंड झाल्याची बातमी देऊन सैन्याला अनोळखी वाटेवर नेलं गेलं. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना झाडी आणि दलदल. त्यात पाऊस, वारा, चिखल, सामानाच्या गाड्या. सैन्य लांबच लांब पसरलं आणि रोमची ती प्रसिद्ध शिस्तबद्ध रांग तिथे लावायला जागाच उरली नाही. हल्ले काही दिवस चालले. १७, १८ आणि १९ क्रमांकाची तिन्ही लीजन नष्ट झाली. वारुसने स्वतःचा जीव घेतला. ते तीन क्रमांक रोमने पुन्हा कधीच वापरले नाहीत.

१९८७ पासून जर्मनीत काल्क्रीज इथे रोमन नाणी आणि गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडत गेल्या. ही लढाई तिथेच झाली असावी असं बरेच संशोधक मानतात.

हे सांगितल्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा तर गनिमी कावा!" चौथीत शिवछत्रपती शिकलेल्या मुलांना उंबरखिंड लगेच आठवते. १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज तिथे अशीच अडचणीच्या वाटेत अडकली. काळ वेगळा, माणसं वेगळी, कारणंही वेगळी. पण मुलीने धागा बरोबर पकडला. थोड्यांनी पुष्कळांशी लढायचं तर जमीन आपल्या बाजूने हवी.

गेम कुठे चुकतो?

गेमच्या नकाशावर जर्मेनिया एकाच रंगाची दिसते. प्रत्यक्षात तिथे अनेक टोळ्या होत्या आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. विजयानंतर अर्मिनियसने वारुसचं शिर मार्कोमानी टोळीचा राजा मारोबोडुस याच्याकडे पाठवलं. त्याने आपल्याला साथ द्यावी अशी अपेक्षा होती. पण मारोबोडुसने ते रोमला पाठवून दिलं! पुढे अर्मिनियस मारला गेला तो स्वतःच्याच नातलगांच्या हातून.

भालाइतांची ती दाट रांगही खरं तर ग्रीक पद्धतीची आहे. किंचाळणाऱ्या स्त्रियांची वेगळी तुकडी कुठे नोंदलेली नाही. मात्र लढाईच्या जवळ थांबून स्त्रिया आपल्या माणसांना धीर देत, असं रोमन लेखक टॅसिटस लिहितो.

मग रानटी कोण?

टॅसिटसने या टोळ्यांवर इ.स. ९८ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. म्हणजे त्यांच्याबद्दल आपल्याला जे वाचायला मिळतं ते बहुतेक समोरच्या पक्षाने लिहिलेलं आहे. त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास आपल्याकडे नाही.

गेममध्ये त्यांना 'बार्बेरियन' म्हटलं आहे. हा मूळ ग्रीक शब्द. ज्यांची भाषा कळत नाही, कानाला नुसतं 'बर बर' ऐकू येतं, ते बार्बेरियन. संस्कृतातही 'बर्बर' शब्द आहे. म्हणजे बघा, ऐकणाऱ्याला भाषा कळली नाही आणि नाव पडलं बोलणाऱ्याला.

जंगल ओळखणं हे अडाणीपण नाही, ते ज्ञान आहे. ते ज्ञान नव्हतं म्हणून तीन लीजन संपली.

दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला मी पाड्यावरच्या त्या मुलाला विचारलं, "शाळेत येताना वाटेत कोणकोणती झाडं लागतात?" त्याने न थांबता एकवीस नावं सांगितली. फळा भरला. मला त्यातली नऊ माहीत होती, गेम खेळणाऱ्या मुलाला चार. कुणी हसलं नाही. सुट्टी झाल्यावर तो गेमवाला त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "मला पण दाखव ना ती झाडं."

विचार करा आणि वहीत लिहा

१. वारुसचं सैन्य मोकळ्या मैदानात असतं तर काय झालं असतं?

२. अर्मिनियस रोमन सैन्यात राहिला नसता तर त्याला ही लढाई जिंकता आली असती का?

३. तुमच्या वर्गात कुणाला चिडवायचं नाव पडलंय का? ते कुणी ठेवलं आणि का, हे शोधा.